गळ्याखालचा फुगवटा: कॉलर बोन छातीच्या हाडाला जिथे मिळते त्या सांध्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. उजवी कॉलर बोन गळ्यापाशी जिथे संपते तिथे चार-पाच महिन्यांपासून सुपारीएवढा फुगवटा दिसतो. हंडा उचलताना, भाकरी थापताना आणि रात्री उजव्या कुशीवर झोपलं की दुखतं. ताप नाही, वजन उतरलेलं नाही. खांद्याचा एक्सरे ‘नॉर्मल’ आला. एका डॉक्टरांनी गाठ काढून टाकू म्हटलं, नात्यातल्या एकांनी टीबीच असणार म्हटलं, आणि शेजारच्या गावातले हाड बसवणारे म्हणाले, ‘हाड वर आलंय, तीन दिवस चोळून आत बसवतो.’ काय करावं? शिवाय आईंचा स्वतःचा प्रश्न आहे: भाकरी थापणं कायमचं बंद करावं लागेल का?

सगळ्यात आधी, चोळून बसवायचं नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आईंना आजच सांगा. त्या हाडाच्या मागे काय आहे ते पुढे येईलच. आणि गाठ काढायचीही घाई नको. वर आलेला भाग ही बहुतेक गाठ नाहीच, तो सांधाच आहे. तो का सुजला हे कळल्याशिवाय त्याला सुरी लावू नये.

मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी हाडांचा दवाखाना चालवतो. गुडघ्या-कंबरेची रोज रांग असते, या सांध्याचा पेशंट महिन्याकाठी एखाददुसरा. तो जवळजवळ नेहमी दोन-तीन ठिकाणं फिरून आलेला असतो. पिशवीत खांद्याचे, मानेचे, छातीचे एक्सरे असतात, पण दुखऱ्या जागेवर कोणी बोट ठेवून बघितलेलं नसतं. बायकांच्या बाबतीत तर हे फारच होतं. पदर असतो, संकोच असतो, समोरचा डॉक्टर घाईत असतो, आणि ‘खांदा दुखतो’ एवढ्यावर खांद्याचा एक्सरे लिहिला जातो. खांद्याचा एक्सरे खांद्यापुरता खरा असतो. तुमच्या आईंचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट या सांध्याबद्दल काहीच सांगत नाही.

आईंना समोर बसवा. गळ्याच्या खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या काठावर एक खळगा लागतो. त्यात बोट ठेवा आणि तिथून बाजूला पेरभर सरकवा. बोटाखाली कॉलर बोनचं जाड टोक येईल. आता त्यांना खांदा वर घ्यायला, पुढे आणायला, मागे न्यायला सांगा. टोक बोटाखाली हलताना जाणवेल. तोच हा सांधा. संपूर्ण हात धडाला हाडाने जोडला जातो तो फक्त इथे. पाठीवरचं खांद्याचं फळ नुसतं स्नायूंत तोललेलं असतं, त्यामुळे हाताने उचललेल्या प्रत्येक ओझ्यातला काही वाटा या लहानशा जागेवर येतो. हात डोक्यावर नेताना कॉलर बोन इथे तीसेक अंश वर उचलली जाते, शिवाय स्वतःभोवती ४५ ते ५० अंश फिरते.

आणि खोबण किती? टोकाचा निम्म्याहून कमी भाग छातीच्या हाडाला टेकलेला असतो. बाकीचं सगळं बांधकाम लिगामेंटवर: पुढून-मागून वेढणारी पिशवी, दोन्ही कॉलर बोनांना एकमेकींशी बांधणारा पट्टा, आणि खालच्या पहिल्या फासळीला घट्ट धरून ठेवणारा जाड दोर. दोन हाडांच्या मध्ये कुर्चेची एक चकती असते. या बांधणीत मागची बाजू सगळ्यात मजबूत, आणि तशी ती असायलाच हवी, कारण लगेच मागे श्वासनलिका, अन्ननलिका आणि डोक्याकडून-हाताकडून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरा आहेत. अंगठ्याने रेटून ‘आत बसवायला’ मी का नको म्हणतो ते आता लक्षात येईल.

पेशंट आला की मी पहिल्यांदा विचारतो, फुगवटा किती दिवसांत आला? तासाभरात, चार-आठ दिवसांत, दोन-तीन महिन्यांत की वर्षभरात? या सांध्याच्या बाबतीत निम्मं निदान त्या उत्तरात असतं. दुसरा प्रश्न वयाचा. एक्सरे, रक्त, स्कॅन यांचा नंबर त्यानंतर.

तुमच्या आईंचं वर्णन मला बरंच ओळखीचं वाटतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पाळी गेलेली, उजव्या हाताने काम करणारी, आणि उजव्याच बाजूला हळूहळू वाढलेला टणक फुगवटा. त्वचा लाल नाही, हाताला गरम लागत नाही, ताप नाही. याचं सगळ्यात संभवनीय कारण सांध्याची झीज, गुडघ्यात होते तीच. खांदा फिरवताना बोट ठेवलं तर आत कोरडा रवा चोळल्यासारखी करकर लागते. तपासल्याशिवाय मी खात्री देणार नाही, पण दहा जणींत अशी गोष्ट ऐकली तर बहुतेकींच्या बाबतीत शेवटी हेच निघतं. पन्नाशी-साठीनंतर दुसऱ्या कारणासाठी छातीचा सीटी केला तरी अनेकांच्या या सांध्यात झीज दिसते, आणि त्यांना कधी दुखलेलंही नसतं.

झिजेचा आणखी एक प्रकार आपल्याकडे वारंवार दिसतो. तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं आपल्या भागात पुष्कळ होतात. मानेतल्या गाठी काढताना कधीकधी खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस जाते. मग खांदा खाली लोंबतो, त्याचं ओझं या सांध्यावर येतं, आणि काही महिन्यांनी तिथे फुगवटा दिसू लागतो. घरचे हबकतात, कॅन्सर परत आला असं धरून चालतात. अशा पेशंटने आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना तो दाखवलाच पाहिजे. पण तो पुष्कळदा नुसता दमलेला सांधा निघतो, आणि ते ऐकल्यावर त्या माणसाचा चेहरा कसा सैल होतो ते मी पाहिलं आहे.

तपासण्यांचं सांगतो. साध्या समोरच्या एक्सरेत हा सांधा मणक्यांच्या आणि फासळ्यांच्या सावलीत दडतो. एक्सरेची नळी ४० अंश तिरकी धरून काढलेल्या एक्सरेत दोन्ही कॉलर बोनांची टोकं शेजारी शेजारी दिसतात. असा फोटो काढून घेण्याची सवय सगळीकडे नाही. सरळ उत्तर हवं असेल तर सीटी स्कॅन, आणि त्यात दोन्ही बाजूंचे सांधे एकाच चित्रात यायला हवेत. डावा सांधा समोर असला की उजव्यात काय बिघडलंय ते नवख्यालाही दिसतं. चिठ्ठीवर ‘दोन्ही बाजू’ असं लिहून घ्या. जंतू, टीबी किंवा गाठीचा संशय असेल तर एमआरआय जास्त सांगतो. आईंसाठी मी सीटीबरोबर रक्तातल्या पेशी, ईएसआर आणि सीआरपी (अंगात कुठे दाह आहे का ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या), साखर आणि युरिक ॲसिड एवढंच लिहीन. ईएसआर आणि सीआरपी शांत असले आणि सीटीत दोन हाडांमधली फट अरुंद, कडेला हाडाचे छोटे कंगोरे एवढंच दिसलं, तर प्रकरण झिजेवर थांबतं. काही शंका राहिलीच तर सोनोग्राफीत बघत सुईने नमुना घ्यायचा.

झीज असेल तर उपचार साधे आहेत आणि ते काम करतात. हा सांधा त्वचेच्या अगदी खाली असल्याने डायक्लोफेनॅकचं जेल इथे गुडघ्यापेक्षा चांगलं लागू पडतं असा माझा अनुभव आहे. दिवसातून तीनदा हलक्या बोटाने लावायचं, रगडायचं नाही. दुखेल त्या दिवशी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, तीन वेळांपेक्षा जास्त नाही. मेडिकलमधून ‘कडक’ गोळी आणून पंधरा-पंधरा दिवस घेऊ नका. बीपी, किडनी आणि पोटाचा अल्सर या तिन्ही बाबतींत त्या गोळ्या घातक ठरू शकतात. कुशी बदला, किंवा उजव्या कुशीवर झोपायचंच असेल तर हाताखाली छातीशी उशी धरा, म्हणजे खांदा पुढे कोसळत नाही. दोन्ही खांदे हलकेच मागे घेऊन पाच आकडे धरून सोडायचे, असं सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. दीड-दोन महिन्यांत बऱ्याच जणी कामाला लागतात. फुगवटा मात्र राहतो. तो जाणार नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगतो, नाहीतर दुखणं थांबल्यावरही माणूस आरशासमोर उभा राहून काळजी करत बसतो.

एवढ्याने भागलं नाही तर सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन. जागा इतकी लहान की एक मिलीच्या आसपासच औषध मावतं, आणि सुई कुठे जातेय ते सोनोग्राफीत बघूनच द्यावं. अंदाजाने सुई खुपसण्याचा हा सांधा नव्हे, कारण मागे काय आहे ते वर सांगितलंच. मधुमेह असेल तर चार-पाच दिवस साखर वाढेल हे धरून चालायचं. आणि आत जंतू नाहीत याची खात्री झाल्याशिवाय स्टिरॉइड नाही.

झिजेसाठी ऑपरेशन मी फार थोड्यांना सांगितलं आहे. सहा महिने ते वर्षभर सगळं नीट करूनही झोप मोडत असेल, तरच. त्यात कॉलर बोनच्या टोकाचा एक सेंटीमीटरहून कमी तुकडा काढतात आणि फासळीला बांधणारा दोर काळजीने राखतात. हौसेने जास्त हाड काढलं आणि तो दोर सुटला, तर टोक मोकळं होऊन हाताच्या प्रत्येक हालचालीला नाचतं. ते दुखणं मूळच्या दुखण्यापेक्षा वाईट असतं आणि दुरुस्त करायला महाकठीण. म्हणूनच ‘गाठ काढून टाकू’ हे वाक्य वाचून मला काळजी वाटली.

आता ज्यांना थांबता येत नाही त्यांच्याबद्दल.

फुगवटा चार-आठ दिवसांत आला, दुखणं वाढतंय, कातडी लालसर आणि गरम आहे, ताप आहे, आणि माणसाला मधुमेह आहे किंवा तो डायलिसिसवर आहे किंवा नुकतीच मानेत-छातीत सलाईनची मोठी नळी घातली होती: तर आत पू आहे असं समजून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. हा सांधा क्वचित पिकतो, पण पिकला की फसवतो. वेदना खांद्यात आणि मानेत पसरते, हात उचलवत नाही, आणि ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून शेक-व्यायाम सुरू होतो. साठीतले एक गृहस्थ माझ्याकडे असेच आले होते. दहा दिवस खांद्याला शेक, साखर साडेतीनशेच्या वर, आणि सदऱ्याची वरची दोन बटणं उघडल्यावर कॉलर बोनच्या मुळाशी लिंबाएवढी लाल सूज. बटणं त्या दहा दिवसांत कोणी उघडली नव्हती. या सांध्याची पिशवी ताणत नाही, म्हणून पू आत मावत नाही. तो पुढे छातीच्या भिंतीत शिरतो किंवा मागे छातीच्या आत, हृदयाच्या वर दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत उतरतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या एका आढाव्यात निम्म्याहून जास्त जणांच्या हाडात जंतू पोचलेले होते आणि चारातल्या एकाच्या छातीच्या भिंतीत गळू किंवा सूज पसरली होती. सर्वांत जास्त सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस, कातडीवर राहणारा. उपचार म्हणजे आधी पू काढून तपासणीला पाठवायचा, मग शिरेतून अँटिबायोटिक, पुढे गोळ्या, एकूण साधारण चार ते सहा आठवडे. हाड सडलं असेल तर सांध्याचा तो भाग काढून छातीचा स्नायू तिथे वळवावा लागतो. सांगायला नको, पण साखर आटोक्यात आल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही.

दोन-तीन महिन्यांत वाढलेला, फारसा न दुखणारा, मऊसर फुगवटा असेल तर माझ्या मनात टीबी येतो, आणि तुमच्या नातेवाईकांचं म्हणणं म्हणून मी उडवून लावणार नाही. आपल्या देशात हा विचार करावाच लागतो. हाडांच्या टीबीत हा सांधा क्वचितच सापडतो, पण सापडतो. लोकांना वाटतं टीबी म्हणजे खोकला, संध्याकाळचा ताप, वाळलेलं अंग. या सांध्याच्या टीबीत पुष्कळदा यातलं काहीच नसतं. फुगवटा हाताला गार लागतो, दाबला तर आत पाणी असल्यासारखा डुचमळतो, आणि दुर्लक्ष केलं तर फुटून त्यातून महिनोन्महिने पातळ पाणी येत राहतं. सुरुवातीला एक्सरेत काही दिसत नाही.

निदान नमुन्यावरच करायचं. सुईने किंवा छोट्या छेदातून आतला तुकडा घ्यायचा, अर्धा पेशी बघण्यासाठी, अर्धा सीबीनॅट (टीबीचा जंतू आणि त्याची औषधाला दाद ओळखणारी तपासणी) आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका हे ऑपरेशन थिएटरमधल्या माणसालाही सांगावं लागतं, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो आणि कल्चर उगवत नाही. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि तिच्यामुळे औषधाला दाद न देणारा टीबी ओळखायला उशीर होतो. ‘बघू तर देऊन’ म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करायला माझा ठाम विरोध आहे. तुमच्या आईंना कोणी नमुन्याशिवाय त्या लिहून दिल्या तर थांबा आणि विचारा. निदान पक्कं झालं तर मात्र गोळ्या पूर्ण घ्यायच्या: पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन, हाडाच्या टीबीला एकूण बारा महिने, गरज पडली तर अठरा. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद होते आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही ही नोंद आणि हे पैसे लागू आहेत, पण घरोघरी ते माहीत नसतं. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. नजर अंधुक वाटली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. या सांध्याच्या टीबीत ऑपरेशनची गरज क्वचितच पडते, हाड औषधांनी भरून येतं.

गोठ्यात काम करणाऱ्या, जनावरांची वार हाताळणाऱ्या किंवा कच्चं दूध पिणाऱ्या माणसाला येऊन-जाऊन ताप आणि या सांध्याला सूज असेल तर ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जंतूची रक्ततपासणी करायला सांगा. डॉक्टरला आठवण करून देण्यात गैर काही नाही.

तरुणांची गोष्ट अगदी वेगळी. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, हात डोक्यावर नेला की ‘टक्’ करून कॉलर बोनचं टोक पुढे येतं, खाली आणला की जागेवर जातं. मार नाही, पडणं नाही. अंगठा मागे वाकवून मनगटाला लावता येईल अशी सैल अंगकाठी. आई-वडील घाबरून येतात, लग्नाचं बोलतात. अशा मुलींचं ऑपरेशन करायचं नाही, हे मी हात जोडून सांगतो. अमेरिकेतल्या रॉकवुड आणि ओडोर या शल्यविशारदांनी १९८९ साली असे ३७ रुग्ण मांडले. ऑपरेशन न केलेले २९ जण पुढे कित्येक वर्षं व्यवस्थित काम करत होते. ज्या ८ जणांचं ऑपरेशन झालं होतं त्यांच्याच तक्रारी वाढल्या होत्या, काहींचं टोक पुन्हा निखळतच होतं. स्नायूंचे व्यायाम, तो ‘टक्’ मुद्दाम करून मैत्रिणींना न दाखवणं, आणि वेळ. वर्षा-दोन वर्षांत मुलीला त्याचा विसर पडतो.

मार लागून सांधा निखळणं ही निराळी गोष्ट. त्याला फार मोठा जोर लागतो. मोटारसायकलचा अपघात, किंवा कबड्डीत कुशीवर पडलेल्या पोरावर वरून चार जण कोसळणं. बहुतेक वेळा टोक पुढे निखळतं. ते दिसतं, दुखतं, वाईट दिसतं, पण जीवावर बेतत नाही. भूल देऊन बसवून बघता येतं, बऱ्याचदा ते परत पुढे येतं, आणि तसंच राहिलं तरी हाताची ताकद बहुतेकांची भरून येते. तीन-चार आठवडे हात झोळीत, नंतर व्यायाम, जड काम आणि मैदान तीन महिन्यांनी.

मागे निखळलं तर मात्र तातडी. तिथे फुगवट्याऐवजी खड्डा दिसायला हवा, पण सूज इतकी असते की खड्डा झाकला जातो आणि ‘मुका मार’ म्हणून पोराला घरी पाठवलं जातं. मार लागल्यानंतर गिळताना अडकणं, आवाज बसणं, श्वास कोंडणं, त्या बाजूचा हात सुजून निळसर होणं किंवा मुंग्या येणं यातलं एकही असेल तर तत्काळ सीटी. ही गोष्ट जुनी आहे: १८२४ साली इंग्लंडचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी अशी एक रुग्ण नोंदवली आहे, जिच्या मागे सरकलेल्या कॉलर बोनने अन्ननलिका दाबली जाऊन घास उतरेना, आणि डेव्ही नावाच्या शल्यविशारदाने भूल नसलेल्या त्या काळात हाडाचं टोक कापून तिला वाचवलं.

आज असा मुलगा आला तर मी त्याला माझ्या दवाखान्यात हात लावत नाही. छातीचे सर्जन आणि रक्त तयार असेल अशाच ठिकाणी पाठवतो आणि जमेल तेव्हा स्वतः बरोबर जातो. पूर्ण भूल देतात, पाठीखाली दोन खांद्यांच्या मध्ये चादरीची गुंडाळी ठेवतात, हात बाजूला करून सावकाश ओढतात. तेवढ्याने आलं नाही तर कातडी स्वच्छ करून टोकदार चिमट्याने कॉलर बोन दोन्ही बाजूंनी पकडतात आणि सरळ वर उचलतात. हाड जागेवर येतं तेव्हा जो ‘खट्’ आवाज होतो तो थिएटरच्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जातो. मागे गेलेलं टोक एकदा बसवलं की सहसा जागेवर टिकतं. पण हे पहिल्या दोन दिवसांत व्हावं. आठवडा उलटला की आतलं सगळं चिकटतं आणि उघडूनच करावं लागतं.

इथे दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात. कॉलर बोन गर्भात सगळ्यात आधी हाड बनायला लागते, पण तिच्या आतल्या टोकाची वाढ शरीरात सगळ्यात शेवटी, तेवीस ते पंचवीसच्या आसपास थांबते. म्हणून विशीतल्या मुलात जे ‘निखळणं’ वाटतं ते कित्येकदा वाढीच्या कुर्चेतून झालेलं फ्रॅक्चर असतं आणि ते सुंदर भरतं. दुसरं, या सांध्यात तार किंवा पिन घालून घेऊ नका. तारा सरकतात. हृदयात आणि महारोहिणीत शिरून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. बांधायची वेळ आलीच तर पायातल्या स्नायूची दोरी काढून आठच्या आकड्यासारखी दोन्ही हाडांतून ओवतात, आणि हे अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्याकडेच करावं.

राहिलेली कारणं थोडक्यात सांगतो. संधिवात आणि मणक्याच्या वाताच्या पेशंटमध्ये हा सांधा सुजतो, पण तेव्हा बाकीचे सांधेही बोलत असतात. तिशी-चाळिशीतल्या बायकांमध्ये कधीकधी कॉलर बोनचं टोक एक्सरेत नुसतंच पांढरं, घट्ट दिसतं. ते निरुपद्रवी असतं. दोन्ही बाजूंना सूज, तळहात-तळपायांवर पुवाच्या पुटकुळ्या किंवा चेहऱ्यावर जाड मुरमं असतील तर तो सॅफो नावाचा आजार. त्याच्या बोन स्कॅनमध्ये छातीचं हाड आणि दोन्ही कॉलर बोना मिळून बैलाच्या डोक्याचं शिंगांसकट चित्र उमटतं, एकदा पाहिलं की विसरत नाही. त्यात जंतू नसतात, तरी पू समजून पुन्हा पुन्हा चिरलेले पेशंट मी पाहिले आहेत. हा आजार संधिवाताच्या डॉक्टरांचा आहे.

आणि कॅन्सर, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी घरात तो शब्द कोणीतरी उच्चारला असणारच. फुगवटा हाडाच्या टोकावरच आहे की कॉलर बोनच्या वरच्या खळग्यात, ते बघा. खळग्यातली गाठ सांध्याची नसते, ती लसिकाग्रंथी असते आणि तिचा तपास लवकर व्हायला हवा. टोकावरचा फुगवटा दगडासारखा असेल, महिन्यागणिक मोठा होत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, वजन उतरत असेल, किंवा पूर्वी स्तन, थायरॉइड, फुप्फुस यांचा कॅन्सर झालेला असेल, तर सीटीवर थांबायचं नाही, नमुना घ्यायचाच. आईंचं रात्रीचं दुखणं कुशीवर झोपल्यावरच आहे, पाठीवर झोपल्यावर नाही, असं त्यांनी सांगितलं तर मला बरं वाटेल. हे त्यांना नक्की विचारा.

तर या आठवड्यात एवढं करा. फुगवट्याच्या कडेने पेनने रेघ मारून, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा आणि महिन्याने त्याच उजेडात पुन्हा काढा. रक्ततपासण्या आणि दोन्ही बाजूंचा सीटी करून घ्या. मग हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आणि आईंना पुढे उघडणारा ब्लाऊज घालायला सांगा. बरोबर घरातली एखादी बाई असू द्या, म्हणजे संकोच होणार नाही. तिथे जो डॉक्टर दोन्ही बाजूंना बोट ठेवून बघेल त्याचं ऐका.

भाकरीचं आईंना सांगा की बंद करायची काही गरज नाही. दुखणं वाढतं ते परात उंचावर असते आणि खांदा वर धरून थापावं लागतं म्हणून. ओट्यावर थापत असतील तर पायाखाली पाट घेऊन उभं राहायचं किंवा परात खाली घेऊन बसायचं, कोपर कमरेशी राहील इतकी. पीठ जरा सैल मळायचं. दुखत्या दिवसांत चारच भाकरी थापायच्या आणि उरलेल्या तुम्ही थापायच्या. हंडा मात्र दोन महिने दुसऱ्या कोणी उचलू द्या.